बी विंगमागचा मल्लखांब

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तोवर बोअरवेल, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स डीड हे विषय इतरांनी पटकावले होते. मी बी विंगमागचा मल्लखांब मागून घेतला. तो काढण्याच्या ठरावावर तेव्हाचा सेक्रेटरी म्हणून माझीच सही आहे.

नव्या सभासदांना तो माहीत नसेल. सोसायटी रजिस्टर झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, तालमीत वाढलेल्या एका काकांनी स्वखर्चाने सागवानी खांब आणून पुरला. जमिनीवर जेमतेम साडेआठ फूट. खाली जाड अंग, वर निमुळती मान आणि टोकाला बोंड. संध्याकाळी काका त्याला एरंडेल चोळायचे आणि पोरं सलामी देऊन चढायची. कपड्यांना तेल लागतं म्हणून आयांच्या तक्रारी यायच्या, त्याही मिनिट्सबुकात आहेत.

काका मुलांना गोष्ट सांगायचे ती बाळंभटदादा देवधरांची. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब हे दोन पैलवान आव्हान द्यायला आले, तरुण बाळंभटांनी ते स्वीकारलं आणि सप्तशृंगीच्या डोंगरावर माकडांच्या उड्या पाहून त्यांना हा व्यायाम सुचला, अशी ती परंपरेने आलेली कथा. मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकातही मल्लखांबाचा उल्लेख सापडतो, तेव्हा बाळंभटांनी विद्येला नवा जन्म दिला असं म्हणणं बरं. 1818 नंतर बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांच्या माणसांबरोबर मल्लखांबही उत्तरेत पोचला. गाव सोडायची सवय त्याला जुनीच आहे!

समुद्रापार तो गाजला 1936 मध्ये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि त्यांनी हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेली ही संस्था. जिल्ह्याच्या गावातली तरुण मंडळी, बोटीचा प्रवास, आणि देश अजून पारतंत्र्यात! त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने 15 ऑगस्टला जर्मनीला 8-1 हरवलं. आपल्या पुण्याचे बाबू निमल त्या संघात होते. पुढे 1949 मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही अमरावतीचं पथक जाऊन आलं.

तेव्हा आपण करून दाखवायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. शिकवणं नंतर आलं. त्यात दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. त्यांनी देशोदेशी, जर्मनीतही, वर्ग घेतले, आणि 2019 मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली तेव्हा 15 देशांचे खेळाडू आले होते.

आमची वारी त्यामानाने अगदी लहान. 2013 च्या मे महिन्यात मुलांच्या क्लासचं बारा जणांचं पथक जर्मनीला गेलं. त्यात आपल्या सोसायटीतली तिघं होती, एक माझी मुलगी, वय अकरा. मी पालक म्हणून बरोबर. खांब विमानातून नेणार कसा? म्हणून दोरीचा मल्लखांब. पूर्वी यासाठी वेत वापरत; तसा वेत मिळेनासा झाला आणि सुती दोर आला. वर एक भक्कम हूक असला की काम भागतं. सकाळी फिरायचं आणि दुपारी तिथल्या शाळकरी मुलांना शिकवायचं, असा बेत. कलोनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या. पोरं चढून उतरली तेव्हा आम्ही दोन पालक निम्म्यावर धापा टाकत होतो. बर्लिनच्या स्टेडियममध्ये सरांनी अमरावतीकरांची हकीकत सांगितली. मुलं एरवी आइस्क्रीम मागायची, तिथे पाच मिनिटं गप्प होती.

पण खरी मजा जिमखान्यात. जर्मन मुलं पायात मोजे घालून आली. दोर पकडायचा पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात, म्हणजे आधी मोजे काढा! माझी मुलगी एका सात-आठ वर्षांच्या पोरीला अढी शिकवत होती. भाषा शून्य. स्वतःच्या पायाला हात लावून दाखवायची, मग तिच्या. चौथ्या दिवशी ती पोर वर जाऊन एका हाताने सलामी देऊन उतरली. तिच्या आईने मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुझ्या घराजवळ असं आहे का? मुलगी म्हणाली, "येस, बिहाइंड अवर बिल्डिंग." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. आदल्या दिवाळीतच आम्ही तो खांब उपटला होता.

कारण नेहमीचंच, पार्किंग. खांब आणि त्याभोवतीची माती काढून दोन गाड्यांची सोय झाली. ठराव नियमाप्रमाणे, बहुमताने झाला, कोणावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. काका सभेत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉचमनला हाताशी घेऊन त्यांनी खांब मीटर रूममागे नेला, आणि त्याखाली विटा लावल्या, ओल लागू नये म्हणून. सोडतीत त्या दोनांपैकी एक जागा मलाच लागली.

काका आता नाहीत. खांब आहे; मागच्या महिन्यात सुताराला दाखवला, बुडाला थोडी कीड आहे, बाकी लाकूड ठणठणीत. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय पाहावा. माझी पार्किंगची जागा सोडत असल्याचं पत्र मी सोबत जोडलं आहे. दुसऱ्या जागेवाल्यांशी बोलणी चालू आहेत.