किरायाचे घर ठेवावे की विकावे? नांदेड-लातूरचा हिशोब

अब्बांनी बांधलेले घर, वरच्या दोन खोल्या किरायाने दिलेल्या, मुलं पुणे-हैदराबादला. अशा घरात कधी ना कधी विषय निघतोच : ठेवायचे की विकून टाकायचे?

आधी हातात काय पडते ते बघू. समजा घराची किंमत ४० लाख आणि किराया महिना ९,००० आहे. वर्षात एक महिना रिकामा गेला तर येतात ९९,०००. घरपट्टी, रंग, मोटार-पाइपात १९,००० गेले की उरले ८०,०००. म्हणजे जेमतेम दोन टक्के. बाकी सगळी भिस्त जागेचा भाव वाढण्यावर.

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरकडे नीट-जेईईच्या मुलांमुळे खोली लवकर उठते. पण ही कमाई एकाच धंद्यावर टेकलेली आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लासेस बंद झाले, मुलं गावी गेली. पाण्याचेही तसेच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बोअर आटणारी गल्ली असेल तर टँकरचा खर्चही धरा.

प्लॉट गुंठेवारीचा आहे का, हेही बघा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घेण्याची सोय झाली. ते काम राहिले असेल तर विकताना भाव पडतो, म्हणून घाई नको.

ठेवायचे ठरले तर करार नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद नसेल तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे आधी खरे धरले जाते. "ओळखीचाच माणूस आहे" म्हणून हे टाळणारे आपल्यात फार.

आयकरात घरपट्टी वजा करून उरलेल्या किरायावर ३० टक्के सूट मिळते. विकले तर दोन वर्षांहून जुन्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर; २३ जुलै २०२४ पूर्वीचे घर असेल तर महागाई धरून २० टक्क्यांचा हिशोबही करता येतो. वारशाच्या घराला अब्बांचा काळही मोजतात.

जकात किरायाच्या घराच्या किमतीवर नाही, साठलेल्या किरायावर आहे.

आणि बहिणींचा हिस्सा? विकताना त्यांच्या सह्या लागतात म्हणून तेव्हा तो आठवतो, पण घर ठेवले तर किरायातही तो आहेच. अम्मीचा आठवा भाग, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. तो दरमहा कोण पोहोचवणार, दुरुस्तीला कोण किती देणार, हे सगळ्यांसमोर कागदावर लिहून मगच नवा किरायेदार ठेवा.