एका तोंडी सव्वीस माणसं

आजीची अठ्ठेचाळीसची गोष्ट दोनच शब्दांनी सुरू व्हायची : "ते आले." गांधीजींच्या हत्येनंतर साताऱ्याकडे ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात आमचंही गेलं. पितळी डबा तेवढा वाचला. झाकणावरचा काळा डाग काही चिंच लावूनही निघाला नाही. 'ते' म्हणजे कोण, हे आजीने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

ब्रुकलिनला नर्स असलेल्या आत्याच्या गोष्टीत मात्र 'ते' दोन होते. 19 ऑगस्ट 1991. क्राउन हाइट्समध्ये ज्यू धर्मगुरूंच्या ताफ्यातली गाडी फुटपाथवर चढली आणि गयानाहून आलेल्या कुटुंबातला सात वर्षांचा गॅव्हिन केटो गेला. ज्यूंच्या अँब्युलन्सने ड्रायव्हरला उचललं, पोरं तशीच टाकली, अशी आवई उठली. ड्रायव्हरला आधी हलवा, हे पोलिसांनीच सांगितलं होतं. पण ते ऐकायला थांबतंय कोण? काही तासांत यांकेल रोझेनबाऊम या ज्यू विद्यार्थ्याला जमावाने भोसकलं. तीन दिवस दंगल. आत्याची कॅरिबियन घरमालकीण म्हणे, "ते." कोपऱ्यावरचा ज्यू बेकरीवाला म्हणे, "ते."

पुढच्याच वर्षी अ‍ॅना डेव्हिअर स्मिथ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने 'फायर्स इन द मिरर' रंगमंचावर आणलं. दोन्हीकडच्या लोकांच्या मुलाखती टेप करून त्यांचेच शब्द, अडखळणं आणि आवंढे यांसकट, तिने पाठ केले होते. सव्वीस माणसं, नटी एकटी. "टोपी बदलली की माणूस बदलायचा," आत्या सांगायची. "यांकेलचा भाऊ तिच्याच तोंडून बोलला, शेवटी गॅव्हिनचा बापही. मग 'ते' म्हणायचं कुणाला गं?"

आत्याचा हा प्रश्न घेऊन मी गावी गेले. वरच्या आळीतले एक आजोबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "बाप त्या राती घरी आला, तर अंगाला घासलेटाचा वास. आयनं... आयनं तीन दिस त्याला ताट वाढलं न्हाई."

आजी तोवर गेली होती. फोनवर आत्याला मी ते सांगितलं. माझ्या भाषेत नाही, त्यांच्याच. 'आयनं'पाशी ते थांबले तेवढीच थांबले.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आत्याने विचारलं, "तीन दिवस? आणि ती स्वतः जेवली का गं... विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. पुन्हा जायला हवं.