वाफ उचलते, वजन ढकलतं

1868च्या हिवाळ्यातली पहाट. लंडनच्या पश्चिमेला, क्यू ब्रिजजवळ, ग्रँड जंक्शन वॉटरवर्क्स कंपनीच्या आवारात तुम्ही उभे आहात. समोरच्या उंच विटांच्या मनोऱ्याला धुराडं समजू नका. त्यात पाणी चढतं. त्याच्याकडे नंतर येऊ. बाहेर फार गारठा आहे, आधी इंजिनघरात चला.

पुढ्यातलं सिलिंडर 90 इंच व्यासाचं, म्हणजे साडेसात फूट. 1846 साली कॉर्नवॉलमधल्या हेल गावच्या कारखान्यात हे इंजिन बनलं. तिकडच्या खाणींतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनांचं हे भावंड. कोळसा कमी खाऊन ती जास्त पाणी उचलतात, हे टॉमस विकस्टीड या इंजिनिअरने पूर्व लंडनमध्ये ओल्ड फोर्डला दाखवून दिलं, आणि पाणी कंपन्या त्यांच्याकडे वळल्या.

आता मान वर करा. बिडाची अजस्र तुळई तराजूच्या दांडीसारखी मध्यावर तोललेली आहे. झडप उघडते, वाफ दट्ट्याला खाली रेटते, आणि तुळईचं पलीकडचं टोक पंपाचा दांडा व त्यावर चढवलेली वजनं घेऊन वर जातं. शहराकडे अजून थेंबही गेलेला नाही, नुसता पंप भरलाय. मग दुसरी झडप उघडते. दट्ट्याच्या वरची वाफ खालच्या अंगाला येते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, आणि ती वजनं आपल्याच भाराने सावकाश खाली बसतात. पाणी ढकलतात ती ही वजनं. एका खेपेला 472 गॅलन, दोन हजार लिटरहून जास्त. बॉयलरचा दाब थोडा खालीवर झाला तरी पाण्यावरचा जोर बदलत नाही, कारण वजन बदलत नाही. या यंत्रातलं सगळ्यात मोठं शहाणपण मला इथे दिसतं.

फ्लायव्हील शोधू नका, ते नाहीच. प्रत्येक खेप स्वतंत्र. दोन खेपांमधला थांबा ठरवतो पाण्याच्या टाकीतला एक छोटा दट्ट्या आणि त्याची तोटी. तोटी आवळली की टाकीतलं पाणी हळू निसटतं, पुढची खेप उशिरा होते. एवढ्या धुडाचा वेग ड्रायव्हर दोन बोटांनी ठरवतो.

पण समजा, रस्त्याखालचा मुख्य नळ फुटला. खालून अडवणारं पाणीच उरलं नाही, तर ती वजनं धाडकन कोसळतील. तुळई आदळलीच तर धक्का झेलायला भक्कम आडव्या तुळया बसवल्यात खऱ्या, पण मुख्य भिस्त त्या मनोऱ्यावर. पंपातून सुटलेलं पाणी तिथल्या उभ्या नळाने माथ्यापर्यंत चढतं आणि दुसऱ्या नळाने शहराकडे उतरतं. शहरात काहीही होवो, वजनांसमोर पाण्याचा तोच उंच खांब उभा. शिवाय खेपेखेपेने येणाऱ्या पाण्याचे हिसके तिथेच जिरतात. एरवी ते थेट नळांच्या सांध्यांवर बसले असते.

हे पाणी शेजारून वाहणाऱ्या थेम्सचं नाही. टेडिंग्टनखालच्या भरतीच्या नदीतून घरगुती वापराचं पाणी उचलायला 1852च्या कायद्याने बंदी घातली, म्हणून कंपनी ते वरच्या अंगाला, हॅम्प्टनहून आणते. तरी लंडनच्या बऱ्याच घरांत पाणी अजून ठरावीक वेळेलाच येतं. गल्लीगल्लीत चावीवाला फिरतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि लोक पिंपं भरून घेतात. मागणी वाढते तसा इथे ड्रायव्हर तोटी किंचित सैल करतो, खेपा जवळ येतात, आणि बॉयलरपाशी कोळशाची फावडी भराभर चालू लागतात.