दूरशिक्षणातील विद्यार्थी-व्यक्तिचित्रे

दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संगणकीय साधने तयार करताना, प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या पाहणीतून मिळालेल्या माहितीच्या आधारे रेखाटलेली कल्पित पण प्रातिनिधिक व्यक्तिवर्णने. ‘पर्सोना’ या संज्ञेने ती सर्वत्र ओळखली जातात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नटाचा मुखवटा असा आहे. अशा प्रत्येक व्यक्तिचित्रात नाव, वय, व्यवसाय, कौटुंबिक स्थिती, शिकण्याचा हेतू आणि उपलब्ध वेळ व साधने यांचा निर्देश असतो. वर्गातील शिक्षकाला विद्यार्थ्याची अडचण त्याच्या चेहऱ्यावर दिसते. दूरशिक्षणात शिकविणारा व शिकणारा एकमेकांसमोर नसल्यामुळे ती आधीच ओळखून अध्ययनसाहित्यात तिची सोय करावी लागते. या गरजेतून ही पद्धती पुढे आली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : न दिसणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पना करण्याचा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १८४० साली स्वस्त टपालसेवा सुरू झाल्यावर आयझॅक पिटमन (१८१३–९७) यांनी टपालाद्वारे लघुलेखन शिकविण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत अ‍ॅना टिकनॉर (१८२३–९६) यांनी १८७३ मध्ये बॉस्टन येथे स्त्रियांना घरबसल्या अभ्यासास उत्तेजन देणारी संस्था काढली. सु. चोवीस वर्षांत सु. ७,००० स्त्रियांनी तिचा लाभ घेतला. या संस्थेत शिक्षिका प्रत्येक विद्यार्थिनीशी नियमित पत्रव्यवहार करीत; त्यामुळे प्रत्येकीची परिस्थिती त्यांना पत्रांतूनच कळत असे. विद्यार्थिसंख्या वाढून पाठ छापील स्वरूपात निघू लागले, तेव्हा हा वैयक्तिक परिचय नाहीसा झाला आणि लेखकाच्या मनातील एका सर्वसामान्य विद्यार्थ्याने त्याची जागा घेतली. हा विद्यार्थी पुष्कळदा लेखकासारखाच असे. स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ बर्‍ये होल्मबर्य यांनी छापील पाठ हा विद्यार्थ्याशी केलेला मार्गदर्शनपर संवाद असावा, अशी उपपत्ती मांडली. मात्र संवाद साधावयाचा, तर समोर कोण आहे हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये सनदेने स्थापन झाले. प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची अट नसलेल्या या विद्यापीठात १९७१ साली सु. २४,००० विद्यार्थ्यांनी अध्ययनास प्रारंभ केला. उच्च शिक्षणापासून वंचित राहिलेला श्रमिक वर्ग संस्थापकांच्या डोळ्यांपुढे होता. प्रत्यक्षात पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये पदवी नसलेल्या शाळाशिक्षकांचे प्रमाण लक्षणीय आढळले. नाओमी मॅकिंटॉश यांच्या नेतृत्वाखालील सर्वेक्षण विभागाने विद्यार्थ्यांची पद्धतशीर माहिती गोळा केल्यामुळे ही तफावत उघड झाली. संस्थेने कल्पिलेला विद्यार्थी आणि प्रत्यक्ष आलेला विद्यार्थी हे भिन्न असू शकतात, हा धडा दूरशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा होय.

संकल्पनेचा उगम : व्यक्तिचित्रांचे तंत्र मात्र शिक्षणक्षेत्रात जन्मले नाही. अमेरिकन संगणकतज्ज्ञ अ‍ॅलन कूपर हे १९८३ मध्ये प्रकल्प-व्यवस्थापनासाठी एक आज्ञावली लिहीत होते. त्यासाठी त्यांनी अशी कामे करणाऱ्या काही व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. पुढे संगणक आज्ञावलीवर प्रक्रिया करीत असताना ते फिरावयास जात आणि त्या व्यक्तींवर आधारलेल्या कल्पित व्यवस्थापकाची भूमिका घेऊन, तिला काय हवे व काय नको, याचा स्वतःशीच संवाद करीत. १९९५ च्या सुमारास त्यांनी हे तंत्र व्यावसायिक कामात वापरले आणि १९९९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. ‘वापरणारा’ हा शब्द इतका लवचिक आहे, की रचनाकार त्याला स्वतःच्या सोयीप्रमाणे कधी तज्ज्ञ, तर कधी अजाण ठरवितो. विशिष्ट नावाची व्यक्ती अशी ताणता येत नाही, हे कूपर यांच्या प्रतिपादनाचे सार होय. २००३ मध्ये जॉन प्रुइट व जोनाथन ग्रुडिन यांनी मायक्रोसॉफ्टमधील अनुभवाच्या आधारे या तंत्राला संशोधनाची जोड देण्याची गरज प्रतिपादिली.

शिक्षणक्षेत्रातील वापर : विसाव्या शतकाच्या अखेरीस महाजालाद्वारे शिक्षण देण्यासाठी अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली निर्माण होऊ लागल्या. त्यांपैकी ‘मूडल’ ही प्रणाली मार्टिन डौगियामास यांनी तयार केली व २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. डौगियामास यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील वस्तीत गेले आणि तेथे त्यांनी आकाशवाणी-संचावरून चालणाऱ्या शाळेत शिक्षण घेतले होते. म्हणजेच येथे रचनाकार स्वतःच पूर्वी दूरचा विद्यार्थी होता. बहुसंख्य रचनाकारांना असा स्वानुभव नसतो. व्यक्तिचित्रांनी काही अंशी ती उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा असते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००५ मध्ये मूडल स्वीकारण्याचे ठरविले आणि डिसेंबर २००६ मध्ये दूरचित्रवाणीवरील त्याच्या पाठांचे प्रक्षेपण थांबले. माध्यमाचा भार अशा प्रकारे महाजालाकडे वळल्यावर प्रत्येक पडदा, सूचना व मुदत कोणासाठी आखावयाची, हा प्रश्न तीव्र झाला.

व्यक्तिचित्रे तयार करताना प्रथम नोंदणीच्या नोंदी, प्रश्नावल्या, मुलाखती व प्रणालीच्या वापराच्या नोंदी एकत्र केल्या जातात. त्यांतून वर्तनाचे ठळक प्रकार शोधून प्रत्येक प्रकारासाठी एक व्यक्ती कल्पिली जाते. साधारणतः तीन ते सहा व्यक्तिचित्रे पुरेशी मानतात. अधिक झाल्यास ती लक्षात राहत नाहीत. उदा., तालुक्याच्या गावी राहणारी, दोन मुले असणारी व रात्री दहानंतरच अभ्यासाला बसू शकणारी चौतीस वर्षांची अंगणवाडी सेविका हे एक व्यक्तिचित्र कल्पिल्यास त्यापासून पुढील निष्कर्ष निघतात : घरातील मोबाइल सामायिक असल्यामुळे पाठ उतरवून ठेवण्याची सोय हवी, चित्रफिती लहान हव्यात, अर्धवट राहिलेला स्वाध्याय पुन्हा तेथूनच सुरू करता यावा, स्वाध्यायाची मुदत मध्यरात्री संपू नये आणि समंत्रकाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळावे. शहरातील वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यांपैकी बहुतेक सोयी दुय्यम ठरतात. अंध किंवा हात हलविण्यास असमर्थ असणाऱ्या विद्यार्थ्यांची व्यक्तिचित्रे प्रारंभापासून समोर असल्यास सुगम्यता ही मागाहून लावलेली ठिगळे न ठरता रचनेचाच भाग बनते.

भारतातील स्थिती : भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणास सुरुवात केली. आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे नासिक येथील विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या त्याच्या ब्रीदवाक्यात ज्याच्या घरी ज्ञान न्यावयाचे, त्या व्यक्तीचा विचार अभिप्रेत आहे. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे महाजालावरील अध्ययनपीठ सुरू केले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार (जुलै २०१७–जून २०१८) महाजालाची सोय ग्रामीण भागातील सु. १५ टक्के व नागरी भागातील सु. ४२ टक्के कुटुंबांकडे होती; संगणक ग्रामीण भागातील सु. ४ टक्के व नागरी भागातील सु. २३ टक्के कुटुंबांकडे होता. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद होऊन अध्यापन एकाएकी महाजालावर आले, तेव्हा स्वतंत्र खोली, स्वतःचे यंत्र आणि अखंड जोडणी असलेला विद्यार्थीच पुष्कळ ठिकाणी गृहीत धरला गेला. ज्यांच्याजवळ ही साधने नव्हती, त्यांच्या वाट्याला अध्ययनातील खंड आला. मोबाइलद्वारा मिळणारी जोडणी त्यानंतर वाढली असली, तरी यंत्र, वेळ व एकांत यांची विषमता तीमुळे आपोआप दूर होत नाही.

मर्यादा : व्यक्तिचित्रांवर गंभीर आक्षेपही घेण्यात आले आहेत. २००६ मध्ये क्रिस्टोफर चॅपमन व रसेल मिल्हॅम यांनी दाखवून दिले, की एखादे व्यक्तिचित्र नेमक्या किती व्यक्तींचे प्रतिनिधित्व करते हे पडताळून पाहण्याचा मार्ग नसतो. तपशील जसजसे वाढतात, तसतशी तंतोतंत जुळणारी माणसे कमी होत जातात. पाहणीशिवाय केवळ तर्काने रेखाटलेली चित्रे जात, लिंग, वय किंवा प्रदेश यांविषयीचे पूर्वग्रह दृढ करतात. सर्वेक्षणाला उत्तर देणारे विद्यार्थीच चित्रात उमटतात. अर्ध्यावर शिक्षण सोडलेले, ज्यांच्या अडचणी जाणून घेणे सर्वांत निकडीचे असते, ते बहुधा निसटतात. शिवाय विद्यार्थिवर्ग बदलतो. म्हणून ही चित्रे ठरावीक काळाने पुन्हा तपासावी लागतात. यामुळे व्यक्तिचित्रांचा वापर प्रत्यक्ष विद्यार्थ्यांकडून साधनांची चाचणी घेण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर तिला पूरक म्हणून करणे इष्ट मानले जाते. टपालयुगातील शिक्षिकेला प्रत्येक पत्राने विद्यार्थिनीविषयीची तिची कल्पना दुरुस्त करता येत असे. तशी दुरुस्ती ज्या पद्धतीत सतत होत राहते, तेथेच व्यक्तिचित्रे उपयुक्त ठरतात.