बार्सिलोना-माद्रिद सोडा, स्पेनची जुनी गावं बसनं स्वस्तात कशी फिरायची?

स्पेन म्हटलं की रील्समध्ये तीच दोन-तीन शहरं दिसतात. पण खिशाला फार चाट न लावता जुना स्पेन बघायचा असेल, तर दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताकडे बघा. हायस्पीड ट्रेन इथल्या मोठ्या शहरांना जोडते. छोट्या गावांना मात्र बसच लागते, आणि शंभर-दीडशे किलोमीटरचं तिकीट साधारण १० ते २० युरोंत मिळतं.

सुरुवात मालागापासून करा. तिथून ग्रानाडाला बसनं साधारण दोन तास. ग्रानाडात अल्हाम्ब्रा बघायचा तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

ग्रानाडाहून बहुतेक पर्यटक थेट सेव्हिलला पळतात. आमच्या मते त्याआधी उत्तरेकडे बाएसा आणि उबेदाला जावं. रस्ता हाएन जिल्ह्यातून जातो. हा जिल्हा जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल काढणाऱ्या भागांपैकी एक, त्यामुळे खिडकीबाहेर तासभर फक्त ऑलिव्हची झाडं दिसतात. या दोन गावांत जेमतेम ९ किलोमीटरचं अंतर. १६व्या शतकात इथे बराच पैसा आला. सम्राट पाचव्या चार्ल्सचा सचिव फ्रान्सिस्को दे लोस कोबोस हा मूळचा उबेदाचा. त्यानं आणि त्याच्यासारख्या श्रीमंतांनी आंद्रेस दे वांदेलविरा या वास्तुरचनाकाराकडून चर्च आणि वाडे बांधून घेतले. पुढे भरभराट ओसरली, इमारती मात्र राहिल्या. २००३ साली दोन्ही गावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. कवी आंतोनिओ माचादो १९१२ ते १९१९ या काळात बाएसात फ्रेंच शिकवायचे.

इथे एक गोची आहे. नकाशात 'लिनारेस-बाएसा' नावाचं रेल्वे स्टेशन दिसतं, पण ते बाएसा गावात नाही, लिनारेसच्या बाजूला आहे. ट्रेननं तिथे उतरलात तरी पुढे बस शोधावीच लागते. त्यापेक्षा ग्रानाडाहून सरळ बस बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळापत्रक. त्यावर 'लाबोराब्लेस' लिहिलं असेल तर ती बस फक्त कामाच्या दिवशी धावते. 'दोमिंगोस इ फेस्तिवोस' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. खेड्यांकडच्या बस मुख्यतः गावकऱ्यांच्या शाळा, दवाखाना, बाजार या कामांसाठी असतात. त्यामुळे शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात, काही ठिकाणी बंदच. शिवाय स्पेनमध्ये वर्षाला १४ सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि त्यातल्या दोन प्रत्येक गाव स्वतः ठरवतं. म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर साधा मंगळवार असेल आणि गावात जत्रा! अशा दिवशी बस चुकली तर टॅक्सीत दिवसाचं बजेट उडतं. म्हणून छोटी गावं सोमवार ते शुक्रवार करा, शनिवार-रविवार मोठ्या शहरात काढा आणि गावात उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ स्टँडवर विचारून घ्या.

पश्चिमेला आर्कोस, हेरेस, वेहेर अशा अनेक गावांच्या नावापुढे 'दे ला फ्रोन्तेरा' लागतं. फ्रोन्तेरा म्हणजे सरहद्द. एका बाजूला ख्रिस्ती राजवट, दुसऱ्या बाजूला ग्रानाडाचं मुस्लिम राज्य. ही सरहद्द १४९२ साली ग्रानाडा पडल्यावर संपली, नावं तशीच राहिली. सरहद्दीची म्हणून गावं टेकडीवर वसलेली, आणि बस बऱ्याचदा खाली थांबते. वेहेरला तर काही गाड्या पायथ्याच्या हायवेवरच सोडतात. चाकांची मोठी बॅग असेल तर दगडी चढावर घाम निघेल, पाठीवरची सॅकच न्या.

रोंदामध्ये खोल दरीवर १७९३ साली पूर्ण झालेला, सुमारे ९८ मीटर उंचीचा पूल आहे. त्याचं नाव आजही 'नवा पूल'! दुपारी तिथे सहलीच्या बसची गर्दी असते, संध्याकाळी ती ओसरते. एक रात्र मुक्काम करा.

खर्चाचं म्हणाल तर शेंगेन व्हिसाची फी प्रौढांसाठी ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तिकडे दुपारचं जेवण दोननंतर. 'मेनू देल दिया' मागितलं की ठरलेल्या किमतीत पूर्ण जेवण मिळतं. ग्रानाडा आणि हाएनकडे पेयासोबत छोटी डिश बहुतेक ठिकाणी फुकट येते. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' एवढं पुरत नाही, कारण हॅम आणि ट्यूना मासा अनेकांच्या हिशेबात मांसात धरतच नाहीत. ऑर्डर देतानाच 'सिन हामोन, सिन आतून' असं दोन्हींचं नाव घेऊन सांगा.