घरासाठी छोटा क्लाउड संगणक: घेण्याआधी नेट, लाईट आणि इनपेज तपासा

दहावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे एकच मशवरा मागतात. सर, घरात एक संगणक घ्यायचाय, कोणता घ्यावा? प्रश्न रास्त आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. वक्फच्या नोंदींसाठी ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झाले आणि गावोगावच्या मुतवल्लींना कागद स्कॅन करून चढवावे लागले. मोबाईलवर ही कामे होतात, पण लांबलचक अर्ज भरताना बोटे थकतात आणि चुका राहतात.

अशा वेळी दुकानदार किंवा एखादा नातेवाईक ‘क्लाउड संगणक’ सुचवतो. छोटा डबा, टेबलावर जागा कमी, किंमत कमी, व्हायरसची कटकट कमी. यातले बरेचसे खरे आहे. पण हा संगणक पुण्या-मुंबईत जसा चालेल तसाच सिद्धेश्वरला चालेल, असे धरून चालता येत नाही. आपले गाव औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णेच्या काठी. १९६८ साली पूर्ण झालेले धरण शेजारी, नदीवर वरच्या अंगाला येलदरीला वीजही तयार होते, तरी लाईट जायची ती जातेच. लाईट गेली की राउटर बंद, आणि नेट गेले की क्लाउड बंद. म्हणून डब्याची किंमत विचारण्याआधी घरातले नेट आणि लाईट तपासायला हवी.

क्लाउड संगणक म्हणजे नेमके काय?

या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांतला फरक समजला की निम्मे काम झाले.

पहिला प्रकार क्रोमबॉक्स. गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा हा छोटा डबा २०१२ साली पहिल्यांदा बाजारात आला. तो मुख्यतः ब्राउझरवर चालतो. फाईली गूगल ड्राइव्हमध्ये राहतात, पण डब्याची स्वतःचीही थोडी मेमरी असते. आधी सोय करून ठेवली तर नेट नसतानाही काही काम होते.

दुसरा प्रकार भाड्याचा डेस्कटॉप. इथे खरा संगणक कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतो. आपल्या घरी फक्त पडदा, कीबोर्ड, माऊस आणि जोडणारा डबा. जुलै २०२५ मध्ये आलेला जिओपीसी याच जातीचा. तो जिओच्या सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीवर चालतो, त्यात विंडोज नसून लिनक्स असते आणि ऑफिसच्या कामासाठी लिब्रेऑफिस मिळते. इथे नेट तुटले की समोर काहीच उरत नाही, अर्धवट लिहिलेले पानसुद्धा दिसत नाही.

तिसरा प्रकार मिनी पीसी. हा पूर्ण संगणकच, फक्त आकाराने जाड पुस्तकाएवढा. विंडोज किंवा लिनक्स त्यावर चालते. फाईली डब्यातही ठेवा आणि ड्राइव्हवरही ठेवा, मर्जी आपली.

पहिली तपासणी: नेट

एक आठवडा रोज संध्याकाळी सात ते दहा या वेळेत घरातल्या नेटचा वेग तपासा. दुपारी वेग चांगलाच दिसतो. सगळे गाव मोबाईल हातात घेऊन बसते तेव्हा काय होते ते बघा. फक्त डाउनलोड पाहू नका. अर्जासोबत कागद चढवायला अपलोड लागतो आणि तिथेच आपल्याकडचे नेट अडते. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये ‘पिंग’ नावाचा आकडाही येतो. तो जितका कमी तितके बरे. भाड्याच्या डेस्कटॉपवर आपण दाबलेली प्रत्येक किल्ली दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. पिंग सतत शंभराच्या वर असेल तर अक्षर उशिरा उमटते आणि टाईप करणारा वैतागतो.

घरात नेट फक्त मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर दुसरा प्रकार सोडून द्या. रोजचा दीड-दोन जीबी डेटा त्याला पुरणार नाही. शिवाय अब्बा मोबाईल घेऊन शेतात गेले की संगणक बंद. फायबर किंवा एअरफायबरची जोडणी आपल्या गल्लीत खरोखर मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. तालुक्याला मिळते म्हणजे आपल्या घराला मिळेलच असे नाही.

दुसरी तपासणी: लाईट

लॅपटॉपला बॅटरी असते, या डब्यांना नसते. लाईट गेली की त्याच क्षणी सगळे बंद. त्यामुळे घरात इन्व्हर्टर नसेल तर यूपीएसची किंमत संगणकाच्या किमतीतच धरा. आणि यूपीएसला फक्त डबा जोडून उपयोग नाही. मॉनिटर आणि राउटर दोन्ही त्यावरच हवेत.

इथे छोट्या डब्याचा मोठा फायदा आहे. साध्या कामात तो साधारण १५ वॅट घेतो. मॉनिटरचे २० वॅट धरले तर एकूण ३५. रोज चार तास वापरला तर महिन्याला सुमारे ४.२ युनिट. जुना टॉवर ८० वॅटचा धरला तर मॉनिटरसह १०० वॅट, म्हणजे महिन्याला १२ युनिट. बिल तर वाचतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोच यूपीएस छोट्या डब्याला बराच जास्त वेळ धरून ठेवतो. अर्ज भरताना लाईट गेली तर ही मिनिटे सोन्याची असतात.

तिसरी तपासणी: कोणते सॉफ्टवेअर लागते?

हा मुद्दा आपल्या घरांसाठी खास आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. उर्दू शाळांचे शिक्षक प्रश्नपत्रिका, दावतनामे आणि मशिदीच्या नोटिसा इनपेजमध्ये करतात. इनपेज हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. क्रोमबॉक्सवर ते बसत नाही. जिओपीसी लिनक्सचा असल्याने तिथेही तीच अडचण. ज्या घरात इनपेजवर रोजचे काम होते, त्यांनी विंडोजचा मिनी पीसीच घ्यावा.

फक्त शाळेचे निबंध आणि अर्ज लिहायचे असतील तर इनपेजशिवाय भागते. गूगल डॉक्समध्ये नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो आणि उर्दू कीबोर्ड जोडता येतो. पण जुन्या इनपेज फाईली तिथे थेट उघडत नाहीत. संगणक बदलण्याआधी त्यांची पीडीएफ करून घ्या. मराठीचेही तसेच. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर नव्या डब्यावर भलतीच अक्षरे दाखवतो. यापुढचे सगळे लिखाण युनिकोडमध्ये करायची सवय लेकरांना आतापासून लावा.

आणखी दोन गोष्टी. एमएस-सीआयटीसारखा कोर्स करणाऱ्यांना सरावासाठी विंडोज सोयीचे पडते. आणि घरातून ई-सेवा केंद्राचे काम करायचे असेल तर अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचा डोंगल विंडोजवर सुरळीत चालतात. अशा घरांनी क्लाउड डब्याच्या वाटेला जाऊ नये.

पैशाचा हिशोब

जिओपीसी सुरू झाला तेव्हा महिन्याचा दर ५९९ रुपये अधिक जीएसटी असा होता. बारा महिन्यांचे ७,१८८ आणि १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८,४८० रुपये होतात. लांब मुदतीचा प्लॅन स्वस्त पडतो, पण नेटचे पैसे वेगळे. आजचा दर विचारून हाच हिशोब पुन्हा करा. तीन वर्षे भाडे भरून हातात काहीच राहत नाही, तर डबा विकत घेतला की तो आपला राहतो. मात्र परीक्षेच्या दोन-तीन महिन्यांपुरतीच गरज असेल आणि घरात पक्के फायबर असेल, तर भाडे परवडते.

भाड्याच्या डेस्कटॉपची आणखी एक गोम म्हणजे त्याने टीव्ही अडकतो. घरात बातम्या लागल्या की मुलीचा अभ्यास थांबतो. सुरुवातीला त्यावर कॅमेरा आणि प्रिंटरही चालत नव्हते. आता चालतात का, ते स्वतः बघूनच घ्या.

क्रोमबॉक्स आपल्याकडच्या दुकानांत क्वचितच दिसतो. मागवलाच तर त्याच्या अपडेटची शेवटची तारीख आधी पाहा. २०२१ नंतरच्या मॉडेलना दहा वर्षे अपडेट मिळतात, पण ही वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही.

नांदेड-परभणीच्या बाजारात ऑफिसातून निघालेले जुने मिनी पीसी मिळाले तर तेही चांगले. विंडोज ११ चालवायचे असेल तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० आहे याची खात्री करा. रॅम किमान ८ जीबी घ्या. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी. वॉरंटी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी ‘नो कॉस्ट’ या शब्दावर थांबू नये. त्यात बहुधा बँक व्याज लावतेच आणि तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी लागू शकते. सूद टाळणाऱ्या घरांनी दोन महिने थांबून रोखीने घेतलेले बरे.

घरात जुना संगणक आहे? आधी हे करून बघा

विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे पुष्कळ घरांत चांगले चालणारे संगणक कोपऱ्यात पडले आहेत. त्यांच्यासाठी गूगलने क्रोमओएस फ्लेक्स मोफत दिले आहे. साधारण २०१० नंतरचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा एवढे असले तर ते चालते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते तयार करता येते आणि संगणकातले काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. कायमचे बसवताना मात्र आतले सगळे पुसले जाते, म्हणून फोटो आणि कागद आधी बाहेर काढा. मोबाईलची ॲप यावर चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आमचा आग्रह असा की एक महिना घरच्यांनी यावर सगळी कामे करावीत. अर्ज, अभ्यास, ऑनलाइन वर्ग, प्रिंट, सगळे. कुठे अडते ते एका कागदावर लिहावे. एक पैसा न घालवता कळेल की आपल्या घराला क्लाउड संगणक झेपतो की नाही.

घेतल्यानंतरची काळजी

छोट्या डब्यासोबत कॅमेरा, माईक आणि मॉनिटर बहुधा येत नाहीत. ऑनलाइन वर्गासाठी ते वेगळे घ्यावे लागतात. जुना यूएसबी प्रिंटर क्रोमओएसवर चालेलच असे नाही, आधी जोडून बघा.

गूगल डॉक्सची ऑफलाइन सोय नेट चालू असतानाच सुरू करून ठेवा. नेट गेल्यावर ती सुरू करता येत नाही.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे खाते. क्लाउड संगणकात आपले सगळे कागद त्या एका खात्यात असतात. आपल्याकडे रिचार्ज संपला की सिम बदलायची सवय आहे. खात्याला जोडलेला जुना नंबर बंद पडला आणि पासवर्ड विसरला, तर लेकराची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला दोन्ही अडकतात. म्हणून खात्याला अम्मी किंवा अब्बांचा कायम चालू राहणारा नंबर जोडा आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. दोन वर्षे न उघडलेले खाते गूगल काढून टाकू शकते, हे विसरू नका. मोफत जागा १५ जीबी असते, लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरू देऊ नका. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच. घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, लहान मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली असावे.

थोडक्यात निवड

इनपेज, ई-सेवा किंवा विंडोजचा कोर्स असेल तर मिनी पीसी घ्या. घरात जुना संगणक असेल तर आधी फ्लेक्स. पक्के फायबर आहे आणि गरज थोड्या महिन्यांची आहे, तर भाड्याचा डेस्कटॉप. बाकी सिद्धेश्वरसारख्या गावात, जिथे नेटचा आणि लाईटचा भरवसा कमी, तिथे स्वतःची मेमरी असलेला छोटा डबा आणि सोबत एक यूपीएस हीच जोडी आम्ही सुचवतो. अर्जाची शेवटची तारीख नेटची वाट बघत नाही. त्या दिवशी लेकराची भरलेली माहिती घरातल्या डब्यात शाबूत असली पाहिजे, म्हणजे नेट येताच पाच मिनिटांत अर्ज जाईल.