खोताची जमीन आणि परळची गिरणी : एका दुहेरी प्रश्नाचा इतिहास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांचा प्रश्न व त्यावरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. शेते लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, हे त्या काळी रूढ असलेले मत त्यांनी त्यात खोडून काढले. शेत पुरेसे आहे की नाही हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जमिनीवर पोसली जाणारी माणसे गरजेपेक्षा अधिक आहेत, हा खरा रोग होय आणि देशाचे औद्योगिकीकरण हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीत होते. ज्या उद्योगाकडे ते उपाय म्हणून पाहत होते, त्याचे भोंगे त्यांच्या चाळीत रोज ऐकू येत होते.

मग प्रश्न असा की, मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, लक्षावधी माणसे खेड्यातून शहरात आली, तरी जमिनीचा प्रश्न का सुटला नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कोकणचे कूळ, परळचा कामगार

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, दादर, वरळी हा भाग गिरण्यांनी व्यापला. या गिरण्यांतील कामगारांचा फार मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्यातून आला. याचे कारण केवळ कोकणची नापीक जमीन हे नव्हते. रत्नागिरी, कुलाबा व ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत खोती पद्धत होती. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताकडे असे आणि त्या बदल्यात गावच्या कुळांवर त्याचा अंमल चाले. पिकाचा निम्मा वा तिसरा हिस्सा खोताच्या घरी जाई. शिवाय वेठ करावी लागे ती वेगळीच. १८८० च्या खोती कायद्याने या पद्धतीवर सरकारी मोहोर उठवली.

कूळ मुंबईत आले म्हणजे खोतापासून सुटले, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. गिरणीचा पगार एकट्या माणसाच्या पोटापुरता. बदली कामगाराला तर रोजच्या कामाचीही शाश्वती नसे. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले राहत, तेथे बायकामुलांना आणणे अशक्य होते. म्हणून कुटुंब गावीच राहिले, शेत गावीच राहिले आणि शेताचा खंडही चालू राहिला. परळच्या टपालकचेरीतून गेलेल्या मनिऑर्डरीचा काही भाग अखेर खोताच्या पदरात पडे. आजार आला, काम सुटले, १९२८ सारखा सहा महिन्यांचा संप झाला, तर कामगाराला त्या जमिनीच्या तुकड्याखेरीज आसरा नव्हता. म्हणजे गिरणीने जमिनीवरचा भार हलका केला नाही. उलट, कामगाराच्या कुटुंबाचा खर्च जमिनीवर टाकून तिने आपली मजुरी कमी ठेवली आणि त्या मजुरीतून खोतीही जगवली.

अस्पृश्य कामगारांची अडवणूक तर दोन्हीकडे होती. गावात महार वतनाची तुटपुंजी जमीन होती. तिच्या मोबदल्यात गावाची व सरकारची कामे रात्री-अपरात्री करावी लागत. या वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. त्याच सुमारास गिरणीत काय चित्र होते? चांगला पगार देणारे साचेखाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून स्पृश्य कामगारांना विटाळाची भीती वाटे. रिंगखात्यातील कमी पगार तेवढा अस्पृश्यांच्या वाट्याला येई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

या अनुभवातून १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला. त्यापूर्वी, १९३३ पासून, अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा संप पुकारला होता. तो सुमारे सहा वर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणगावात एक दिवसाचा संप झाला. शेतकऱ्यांचा मोर्चा व कामगारांचा संप, दोहोंच्या अग्रभागी एकच पक्ष होता, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात पुरेशी नोंदली गेलेली नाही. खोतीचे विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले; कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा.

गिरणीची वीज आणि मुळशीची जमीन

खेड्यातील जमिनीशी गिरणीचा आणखी एक संबंध होता, तो विजेचा. गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. पुढे पुणे जिल्ह्यात मुळशी येथे निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले आणि पन्नासांहून अधिक गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांना अटक झाली आणि लढा संपला. धरण झाले, भिरा येथून वीज मुंबईला गेली.

मुळशीचा पराभव केवळ सरकारच्या बळामुळे झाला, असे म्हणता येत नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातून एक कटू सत्य पुढे आले. कर्जापायी मावळ्यांच्या पुष्कळ जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांच्या नावे झाल्या होत्या. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याप्रमाणे मोबदला ज्याच्या नावे जमीन त्याला मिळणार. सावकार-जमीनदारांना जमिनीपेक्षा पैसा प्रिय होता. त्यांनी मोबदल्याची बोलणी केली, आणि ज्यांचे घर बुडणार होते ते मागे राहिले.

सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, अशा शेतमजुराचे व बलुतेदाराचे काय? तोही गावाबरोबर उठतो. परंतु १८९४ च्या कायद्याच्या दृष्टीने त्याची जमीन गेलेलीच नसते. हा दोष दूर करण्यास एकशे एकोणीस वर्षे लागली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबांच्या व्याख्येत कुळे, शेतमजूर व कारागीर यांचा प्रथमच समावेश केला.

गिरणीचीच जमीन

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. पाहता पाहता कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी असा हिशेब होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली; बांधकामाखालची जमीन तिच्यातून वगळली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. तीन पिढ्या जेथे राबल्या त्या जमिनीवर कामगाराचे नाव नव्हतेच. आता सार्वजनिक वाटाही आटला. कामगारांच्या घरांची तरतूद झाली, तीही लढ्यानंतर.

याला एक अपवाद दादरला घडला. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेत ६ डिसेंबर २०११ रोजी आंबेडकरी कार्यकर्ते शिरले आणि स्मारकासाठी जमिनीची मागणी केली. २०१२ मध्ये केंद्र सरकारने साडेबारा एकर जमीन देण्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. संघटित मागणीपुढे गिरणीची जमीन समाजाकडे येऊ शकते, एवढे यातून सिद्ध झाले.

उपसंहार

खोती, वतन, मुळशी आणि गिरणी या चारही ठिकाणी एकच न्याय लागू झालेला दिसतो. जमिनीचा कागद ज्याच्या हाती, त्याच्याशी उद्योगाने व सरकारने व्यवहार केला. जो राबला तो व्यवहाराच्या बाहेर राहिला. १९१८ चा उपाय म्हणूनच अपुरा पडला. उद्योग वाढला, पण जमिनीचे व उद्योगाचे स्वामित्व बदलले नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन व मूलभूत उद्योग दोन्ही राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. मधल्या एकोणतीस वर्षांच्या अनुभवाशी ताडून पाहिले म्हणजे त्या मागणीचे कारण उमगते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी व प्रेत यांचे दर्शन स्वीकारले नाही. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा, म्हणजे शेतीचा, तंटा त्यांनी तेथे ठेवला. युद्धाला विरोध करणाऱ्या सिद्धार्थाला संघ धमकावतो, तो कुटुंबावरील बहिष्काराने आणि कुटुंबाची जमीन जप्त करण्याने. सिद्धार्थ शिक्षा स्वतःवर घेतो. घरच्यांच्या उपजीविकेचे साधन हिरावू नये, असे विनवतो. गावकामाला नकार दिला म्हणून वाळीत पडलेल्या माणसांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नव्हती.

परळ, नायगाव, लालबाग येथील आपल्या कित्येक घरांत खोताच्या खंडाच्या पावत्या, वतन जमिनीचे फेरफार, गिरणीची हजेरीपत्रके अजून ट्रंकांच्या तळाशी असतील. पुनर्विकासाच्या घाईत ती रद्दीत जात आहेत. विहारांनी ती गोळा करावीत. सरकारी दप्तरात ज्यांचे नाव नाही, त्यांचा इतिहास याच कागदांतून लिहावा लागेल.